जळगावच्या उन्हात गच्चीवरची भाजी: बॅगा, जाळी, ठिबक आणि स्वयंपाकघर

थंडीत गच्चीवर भाजी कोणाचीही येते. खरा प्रश्न एप्रिल-मेचा, आणि आमच्या जळगावात मे म्हणजे पारा ४४-४५ वर. त्यामुळे ‘सामान घेतलं, मस्त आहे’ अशी फेब्रुवारीतली मतं वाचून आमच्या भागातल्या माणसाला काही उपयोग नाही. जानेवारीत ग्रो बॅगा (झाडं लावायच्या पिशव्या), शेडनेट म्हणजे सावलीची जाळी आणि ठिबकचा संच घेतला, आता जून संपत आलाय. अख्खा उन्हाळा काढून झाल्यावर हे लिहितोय.

निकाल आधीच सांगतो. ठिबकचे ड्रिपर आणि टायमर सोडले तर सामान कामी आलं आणि टिकलं. भाजीबाजार बंद झाला नाही, होणारही नव्हता. पण आमच्या ताटात यंदा ज्या गोष्टी आल्या त्यातल्या निम्म्या बाजारात विकतच मिळत नाहीत.

बॅगा घेतल्या त्या एचडीपीई या जाड प्लॅस्टिकच्या विणलेल्या, बाहेरून पांढऱ्या आणि आतून काळ्या. वेलांना १५ बाय १५ इंची, पालेभाज्यांना उथळ आणि रुंद. घेताना जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम, म्हणजे कापडाची जाडी) बघा, २२० च्या खाली जाऊ नका, आणि ‘यूव्ही ट्रीटेड’ (उन्हाने न विरणारं) असं लिहिलेलं हवं. नाहीतर दुसऱ्या उन्हाळ्यात कापडाची भुकटी होते. शेजाऱ्यांकडे काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या आहेत, त्यांना दुपारी दोन वाजता हात लावून बघावा, म्हणजे पांढऱ्या रंगाचे जास्तीचे पैसे का द्यायचे ते कळतं. फेल्टच्या कापडी बॅगांची फार स्तुती ऐकली होती. मुळांना त्या चांगल्या, पण आपल्या कोरड्या उन्हात इतक्या लवकर वाळतात की मेमध्ये दिवसातून दोनदा पोटभर पाणी द्यावं लागतं. कोकणात कदाचित चालतील.

मातीबद्दल एकच ठाम मत: शेतातली काळी माती बॅगेत भरू नका. शेतात ती सोनं असेल, बॅगेत वाळली की आकसते, कडेने भेग पडते आणि घातलेलं पाणी त्या भेगेतून सरळ खाली निघून जातं. पोयट्याची माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), तिन्ही सारखं. पाच किलोची कोकोपीटची वीट भिजून साधारण सत्तर लिटर होते. ती दोनदा धुऊन घ्या, क्षार निघून जातात. आरओ फिल्टरमधून बाहेर सोडलेलं खारं पाणीही त्याच कारणाने बॅगेत नको. आणि आच्छादनाला केळीची वाळलेली पानं. जळगावात राहून आच्छादन विकत आणणाऱ्याला काय म्हणावं!

वजनाचं मात्र मनावर घ्या. भरलेली, भिजलेली १५ इंची बॅग तीस-चाळीस किलोंची होते. आम्ही सगळ्या बॅगा कडेच्या भिंतींलगत, खाली तुळई आहे तिथे, विटांवर ठेवल्यात. गच्चीच्या मधोमध एकही नाही. तशीही मधली जागा एप्रिलमध्ये आमची नसते. कुरडया, पापड आणि बिबड्यांची (ज्वारीच्या पापडांची) असते. आईला ऊन हवं, मला सावली. यावर तोडगा असा निघाला की जाळी फक्त पश्चिमेच्या बाजूला, सात-आठ फुटांवर, बाजू मोकळ्या ठेवून बांधायची. तो भांडणातून निघालेला तोडगाच बरोबर ठरला, कारण पश्चिमेचं तीन ते सहाचं ऊनच झाडं मारतं. सकाळचं ऊन त्यांना हवंच असतं.

जाळी ५० टक्क्यांची, म्हणजे अर्धं ऊन अडवणारी, पांढरी. ७५ टक्क्यांची घेऊ नका. खाली बसायला छान वाटतं, पण वेल नुसते लांबतात, फळ धरत नाहीत. मेच्या शेवटी वळवाचं वारं सुटतं तेव्हा जाळी एका बाजूने सोडता येईल अशी गाठ मारा. घट्ट बांधलेली जाळी वाऱ्याबरोबर बांबूही घेऊन जाते.

आता ठिबक. हा विषय जळगावकराला शिकवायची गरज नाही असं आपल्याला वाटतं, पण शेतातलं ठिबक आणि गच्चीवरचं ठिबक यात दाबाचा फरक आहे. शेतात मोटर असते. गच्चीवर पाणी येतं जिन्यावरच्या टाकीतून, म्हणजे जेमतेम तीन मीटर उंचीवरून. दहा मीटर उंचीला एक बार दाब मिळतो, म्हणजे आपल्या हातात ०.३ बार. संचाबरोबर आलेले ड्रिपर, म्हणजे थेंब सोडणाऱ्या तोट्या, दाब नियंत्रित करणारे होते. त्यांना याहून बराच जास्त दाब लागतो, त्यामुळे पहिल्या चार बॅगा ओल्या आणि शेवटच्या कोरड्या. ते काढून साधे ड्रिपर लावले तेव्हा गाडी रुळावर आली. टायमरचंही तेच. संचातला टायमर सोलेनॉइड व्हॉल्व्हचा (विजेच्या चुंबकाने उघडणाऱ्या झडपेचा) होता, तो उघडायलाच ठरावीक दाब लागतो. विकणाऱ्याला फोन केला तर ‘सर, मोटर लावा’. शेवटी बॉल व्हॉल्व्हचा, म्हणजे बॅटरीवर गोळा फिरून उघडणारा टायमर वेगळा घेतला. तो टाकीच्या दाबावर बिनतक्रार चालतो. टाकीवरून पाणी देणार असाल तर विकत घेण्याआधी हा एक प्रश्न विचाराच: ‘शून्य दाबावर चालतो का?’

दुसरं, काळी नळी उन्हात पडलेली असते. संध्याकाळी पाच वाजता ठिबक सुरू केलं की पहिलं पाणी चहा करता येईल इतकं तापलेलं निघतं आणि ते थेट मुळांवर पडतं. म्हणून मुख्य पाणी पहाटे, मेमध्ये जोडीला रात्री आठनंतर थोडं. वेलाच्या एका बॅगेला त्या दिवसांत दोन-तीन लिटर रोज लागतं. बोअरच्या पाण्याने ड्रिपरच्या तोंडाशी पांढरे क्षार धरतात. महिन्यातून एकदा सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवले की मोकळे होतात.

पिकांमध्ये सगळ्यात निर्धास्त गवार. तिला जाळी नको, लाड नकोत, फक्त पाणी साचायला नको. भेंडीही उन्हाची. बी रात्रभर भिजवून लावलं, दीड महिन्यात फुलं आली. आम्ही परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ लावली, हळद्याला, म्हणजे पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या रोगाला, दाद न देणारी अशी तिची ओळख आहे. पांढरी माशी दिसली की निंबोळी अर्क, संध्याकाळी. मेमधल्या धुळीत पानांखाली लाल कोळी येतो, त्याला पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा फवारा मारणं हेच पहिलं औषध. भेंडीची अट एकच, एकाआड एक दिवस तोडा. लग्नाला म्हणून चार दिवस गावाला गेलात तर परत आल्यावर लाकूड मिळेल.

टोमॅटोची आशा मार्चअखेर सोडा. पारा पस्तिशीच्या वर गेला आणि रात्रीही गरम राहू लागल्या की फुलं गळतात, कितीही खत घाला. वेलावर राहिलेले टोमॅटोही त्या उष्णतेत लालबुंद होत नाहीत, नारिंगी-पिवळट राहतात. बुडाला काळा डाग पडतो तो कॅल्शियम कमी पडल्याचा, पण बहुतेक वेळा मूळ कारण पाणी कमी-जास्त होणं हे असतं. अंड्याच्या टरफलांची पूड टाकून तो त्या हंगामात जात नाही. ठिबक नियमित झाल्यावर आमच्याकडे गेला. कोथिंबिरीचंही उन्हाळ्यात नाव काढू नये.

या उन्हाळ्याचे मानकरी दोडका आणि गिलकी (घोसाळी). दोन्ही एकाच जातकुळीतले, पण वेळापत्रक उलटं. गिलक्याची फुलं भल्या पहाटे उमलतात आणि दोडक्याची संध्याकाळी. तिसऱ्या मजल्यावर संध्याकाळी मधमाशी कुठली? त्यामुळे दोडक्याला एवढी फुलं येऊन एकही दोडका का धरत नाही, याचं उत्तर घड्याळात आहे. सहा-साडेसहाला वर जायचं, घोसातलं नर फूल खुडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि ज्याच्या देठाशी बोटभर कोवळा दोडका दिसतो त्या मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवायचं. सुरुवातीला नर फुलंच येतात आणि कडक उन्हात त्यांचंच प्रमाण जास्त राहतं, तेव्हा घाबरून वेल उपटू नका. फळमाशीसाठी क्यू-ल्यूरचा (नर माश्यांना ओढणाऱ्या गंधाचा) सापळा लावा. आंब्याच्या बागेतला मिथाइल युजेनॉलचा सापळा वेलभाज्यांच्या माशीला चालत नाही, दुकानात बऱ्याचदा तोच हातात देतात.

आता स्वयंपाकघराबद्दल, कारण बाग खरी तिथे परवडते किंवा फसते. गच्चीवर भाजी किलोत येत नाही, मुठीत येते. आज दोन दोडके, मूठभर गवार, सात भेंड्या. पाच माणसांच्या घरात यातल्या कशाचीच ‘भाजी’ होत नाही. पहिला महिना सगळं फ्रिजमध्ये साठवून, पुरेसं झालं की करायचं असं चाललं होतं आणि कोवळेपणासाठी पिकवलेली भाजी कोवळी उरत नव्हती. मग आईने सूत्रं हाती घेतली. सात भेंड्या म्हणजे भेंडीची कढी: भेंडी तेलात परतून चिकटपणा घालवायचा आणि मग ताकात सोडायची. दोन दोडके मुगाच्या डाळीत. त्यांच्या शिरा फेकायच्या नाहीत, तीळ, लसूण आणि हिरवी मिरची घालून तव्यावर कुरकुरीत होईपर्यंत परतून चटणी. विकतच्या दोडक्याच्या शिरा एवढ्या कोवळ्या नसतात, चोथा लागतो. गिलक्याच्या चकत्यांची भजी. तोडल्यापासून अर्ध्या तासात तळलेल्या चकतीला जी गोडी असते, ती दुसऱ्या दिवशी राहत नाही.

गंगाफळाचा (लाल भोपळ्याचा) एक वेल लावला तो फळासाठी नाहीच. नर फुलं सकाळी तोडायची, आतला दांडा काढायचा, बेसनात बुडवायची. परागीभवनासाठी दोन ठेवली की बाकी सगळी कढईत. बॅगांमध्ये आपोआप उगवणारी घोळ ही रानभाजी उपटून फेकायची सवय मोडली. तुरीच्या डाळीत तिचा आंबटपणा फार छान उतरतो. अंबाडी मात्र मुद्दाम पेरा. ज्वारीच्या कण्या, थोडी डाळ, वरून लसणाची चरचरीत फोडणी आणि कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी. मेमध्ये दुसऱ्या कशावर जेवण जात नाही तेव्हा यावर जातं. न पिकलेल्या टोमॅटोंची शेंगदाणे घालून चटणी होते, त्यामुळे एप्रिलमधले टोमॅटोही वाया गेले नाहीत. गवार जास्त आली त्या आठवड्यात शेंगा मिठाच्या ताकात भिजवून बिबड्यांच्या शेजारी वाळत घातल्या. आता पावसाळ्यात तळून खिचडीबरोबर.

एक इशारा काकडीबद्दल. उन्हाचा आणि पाण्याचा ताण बसला की ती कडू होते. देठाकडची चकती आधी चाखा. कडू असेल तर सरळ कंपोस्टमध्ये, शिजवून तो कडूपणा मरत नाही. दुधी कडू लागला तर एक घोटही रस पिऊ नका, त्याने माणसं दवाखान्यात गेलेली आहेत.

फळांत तुतीने बाजी मारली. फांद्या छाटल्या, जुनी पानं ओरबाडून काढली की नव्या फुटीबरोबरच फळ येतं. मुलं खालीच येऊ देत नाहीत, त्यामुळे मुरांब्याचा प्रश्न मिटला. टरबूज लावलं होतं; एका बॅगेत एका वेलाला एखाददुसरं फळ, त्याला जाळीचा झोळा बांधा, शेजारची तणावी वाळेपर्यंत थांबा. रस्त्यावर ढीग लागलेले असताना एवढं करण्यात अर्थ नाही, हे माझं मत. साल तेवढी उपयोगी पडली, पांढरा भाग किसून थालिपीठात.

पुन्हा घेईन का? बॅगा आणि जाळी नक्की. ठिबकचा तयार संच नाही. नळी, फिल्टर, साधे ड्रिपर आणि टायमर सुटे घेतले तर स्वस्तही पडतं आणि दाबाला जुळवूनही घेता येतं. रोज संध्याकाळी अर्धा तास गच्चीवर जाणं जमणार नसेल तर दोडका लावू नका, गवार, भेंडी आणि अंबाडी पुरे. पहिला पाऊस झाल्यावर जाळी गुंडाळून ठेवली, ठिबक बंद केलं, बॅगांच्या तळाची भोकं काडीने मोकळी केली. त्याच बॅगांमध्ये आता कारलं आणि वाल टाकलेत.