"केस रिजेक्ट झाली" म्हणाले आणि आण्णांच्या नावावर मोबाईलचं लोन पडलं

हे सगळं सांगायलो कारण आमच्या मांजरा नदीकाठच्या गावात अजून दोन घरी असंच झालेलं आता कळायलंय, आणि दोन्ही घरचे लोक "आपलंच चुकलं असंल" म्हणून गप बसलेत. गप बसू नका.

२०२५ च्या जुलैत आमचे आण्णा माझ्या बहिणीसाठी मोबाईल घ्यायला तालुक्याला गेले. तिला कॉलेजचे फॉर्म, लेक्चर सगळं फोनवरच लागतंय आणि हातात रोख पैसा नव्हता, पेरणीत गेलेला. दुकानात फायनान्सवाला पोरगा टेबल टाकून बसलेला असतो ना, त्यानं "काका झिरो डाऊन पेमेंट, फक्त हप्ते" म्हणून आधार, पॅन, पासबुक, एटीएम कार्ड सगळं मागितलं, फोटो काढला, आणि एकामागं एक तीन ओटीपी घेतले. पहिला म्हणे सिबिल, म्हणजे कर्जाची जुनी नोंद, बघायचा, दुसरा बँक जोडायचा. मग थोड्या वेळानं म्हणाला, "काका तुमची केस रिजेक्ट झाली, आता कॅन्सल करायचा ओटीपी आलाय तेवढा सांगा." आण्णांनी सांगितला आणि रिकाम्या हातानं एसटीनं घरी आले. तो तिसरा ओटीपी कॅन्सलचा नव्हताच, लोनचा करार मान्य आहे असं सांगणारा होता. दिवाळीला मी त्यांच्याच फोनमध्ये तो मेसेज वाचला, इंग्रजीत रकमेसकट सगळं लिहिलेलं होतं, पण आण्णांना इंग्रजी येत नाही आणि त्या पोराला ते पक्कं माहीत होतं.

नंतर तीन महिने हप्ते बाउन्स होत राहिले कारण खात्यात पैसेच नव्हते. वसुलीचे फोन यायचे, हिंदीत, दमदाटी करत, आणि आधी फोन लावला की सायबर फ्रॉडची सूचना वाजायची ती ऐकून ऐकून आण्णांना वाटायचं हेच ते फ्रॉडवाले, म्हणून ते कट करायचे. त्यातच सप्टेंबरात पुराचं पाणी आलं. मांजरेनं सोयाबीन उभंच्या उभं सडवलं. दोन हेक्टरचं अनुदान, हेक्टरी ८,५०० प्रमाणे १७,००० खात्यात पडलं आणि त्यातून लगेच हप्त्याचे २,४५० आणि बाउन्सचे २९५ प्रमाणे तीन वेळचे ८८५ कटले. बुडालेल्या पिकाचे पैसे कुणाच्यातरी मोबाईलच्या हप्त्याला गेले, हे मला अजून सहन होत नाही. मी पुण्याहून दिवाळीला आलो, पासबुक भरून आणलं तवा हे सगळं बाहेर निघालं.

दुकानदार म्हणाला तो पोरगा आमचा नाही, फायनान्सचा होता, सोडून गेला. तिथं भांडून काही होत नाही, मी एक दिवस वाया घालवला, तुम्ही घालवू नका. आधी बँकेत जाऊन लेखी अर्ज देऊन ऑटो डेबिटचं मॅन्डेट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी, बंद करा, पोहोच घ्या, नाहीतर पुढचं अनुदानपण जातंय. मग १९३० ला फोन आणि सायबरक्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार, आणि ठाण्यात लेखी. ठाण्यात आधी "हे फायनान्सचं मॅटर आहे" म्हणाले, मी आयटी ॲक्टचं कलम ६६ सी सांगितलं, दुसऱ्याची ओळख वापरली तर तीन वर्षांपर्यंत कैद आहे त्यात, आणि पोर्टलचा नंबर दाखवला तवा अर्ज घेतला.

खरं काम केलं कागदांनी. फायनान्स कंपनीला मेल करून करार, मोबाईलचं बिल आणि ताबा दिल्याचा फोटो मागितला. त्या फोटोत आण्णा आहेत पण हातात मोबाईलचा डबाच नाही! केसच्या सुरुवातीला काऊंटरवर काढलेला तोच फोटो परत चिकटवलेला. बिलावर आयएमईआय, म्हणजे त्या मोबाईलचा ओळख नंबर होता, तो पोलिसांना दिला. कंपनीनं पहिल्यांदा "ओटीपी तुम्हीच दिलाय" एवढंच उत्तर दिलं, मग दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून पाठवले आणि रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं (तक्रारी ऐकणारा अधिकारी) जाणार असं लिहिलं. डिसेंबरात लोन बंद केल्याचं पत्र आलं आणि २,४५० परत आले. ८८५ बँकेनं अजून दिले नाहीत.

पण लोन बंद झालं म्हणजे कर्जाच्या नोंदीचा रिपोर्ट साफ झाला असं नसतं बरं का. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हायमार्क अशा या नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत, चौघींकडून वर्षातून एकदा फुकट रिपोर्ट मिळतो, चारी काढा. चूक दिसली तर तक्रार टाका, ३० दिवसांत दुरुस्त करावं लागतं, नाही केलं तर पुढं रोजचे १०० रुपये भरपाई मागता येते. पीक कर्जाला बँक हाच रिपोर्ट बघते, म्हणून हे पेरणीच्या तोंडावर नाही, आत्ताच करा.

आता घरी आम्ही आधारची पूर्ण झेरॉक्स देतच नाही, शेवटचे चारच अंक दिसतात ते मास्क्ड आधार काढून ठेवलंय, आणि झेरॉक्सवर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहून सही करतो. संचार साथी या सरकारी पोर्टलवर आण्णांच्या नावानं किती सिम आहेत ते बघितलं, एक अनोळखी निघालं, ते बंद करायला टाकलं. आधारचा अंगठापण लॉक केलाय, फक्त रेशन घ्यायच्या दिवशी उघडावा लागतो नाहीतर दुकानात मशीन घेत नाही. आणि कुणी "केस रिजेक्ट" म्हणालं तर त्यानंतर एकपण ओटीपी सांगायचा नाही, कंपनीच्या कस्टमर केअरला तिथं उभं राहूनच फोन लावून विचारायचं की माझ्या नावावर काही चालू झालंय का.

चारपैकी तीन रिपोर्ट साफ झालेत. चौथ्यात अजून थकबाकी दिसायलीय, त्याचे ३० दिवस पुढच्या सोमवारी भरतेत, त्या दिवशी मी परत मेल टाकणार आहे.