धबधब्याचा फोटो भिंतीवर: कॅनव्हास घ्यावा की कॉटन पेपर?

हॉलसाठी धबधब्याचा मोठा प्रिंट काढायचाय अन् कॅनव्हास का पेपर यात अडकला असाल तर रेट विचारायच्या आधी फोटोतलं पाणी नीट बघा, कारण सौताड्याच्या धबधब्याचं पाणी वेगळं अन् सहस्रकुंडाचं वेगळं. माझ्या घरात दोन्ही लावलेत म्हणून सांगतो.

सौताडा म्हणजे बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यातला. कड्यावरून बारीक पांढऱ्या धारा दरीत पडतात, खाली रामेश्वराचं देऊळ. हा फोटो आधी कॅनव्हासवर काढला, २० बाय ३० इंच, लांबून झकास दिसायचा पण जवळ गेलं की धारा गायब, कापडाच्या विणीतच विरून गेल्या. मग तोच फोटो ३०८ जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला ३०८ ग्रॅम, जाडजूड) मॅट, बिनचकाकीच्या कॉटन पेपरवर, म्हणजे कापसाच्या धाग्यांपासून केलेल्या कागदावर काढला अन् धारेच्या कडेचे तुषारसुद्धा दिसायला लागले. यात एक गोष्ट आहे, असे फोटो छापायच्या प्रिंटरमधी पांढरी शाई नसते, पाणी पांढरं दिसतं ते कागदाचं पांढरेपण असतं. म्हणून फोटोतच पांढरा भाग उडालेला, म्हणजे जास्त उजेडानं बारकावे गेलेला असेल तर तिथं नुसता कोरा कागद दिसणार, कितीबी भारी पेपर घ्या. अन् फार झगझगीत पांढरा कागद घेऊ नका, त्यात ब्राइटनर, म्हणजे कागद जास्त पांढरा दाखवणारं रसायन असतं, वर्षं गेली की त्याचा असर उतरतो अन् कागद पिवळट दिसायला लागतो. कॉटन पेपर जरा सायीच्या रंगाचा असतो, मला तोच आवडतो.

सहस्रकुंड मात्र कॅनव्हासवरच शोभतो. नांदेड-यवतमाळच्या सीमेवर पैनगंगा काळ्या खडकावरून कोसळते, पावसाळ्यात पाणी मातकट, रुंद, त्यात बारीक धागे शोधायचेच नसतात. स्लो शटरनं, म्हणजे कॅमेऱ्याचा पडदा जास्त वेळ उघडा ठेवून काढलेल्या दुधासारख्या पाण्याचंबी तसंच, कॅनव्हासवर काही बिघडत नाही. काच नसल्यानं खिडकीचं प्रतिबिंब पडत नाही अन् वजनाला हलका. फक्त चारी बाजूंनी दीड-दोन इंच लाकडी पट्टीवर दुमडलं जातं, कडेला माणूस उभा असेल तर तो अर्धा बाजूला जाणार, म्हणून कडा मिरर करून द्या, म्हणजे कडेचाच भाग आरशासारखा उलटा करून दुमडीवर छापा, असं आधीच सांगायचं.

धुळीचं काय ते पण बघा. उन्हाळ्यात आपल्याकडं वावटळी सुटल्या की कॅनव्हासच्या विणीत धूळ बसते, वर कोटिंग नसेल तर ओलं फडकं लावता येत नाही, मऊ ब्रशनंच झटकायचं. पेपरला काच असते, पुसली की झालं. पण काच अन् कागद यांच्यामधी ॲसिड-फ्री माउंट, म्हणजे फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट पाहिजेच, नाहीतर पावसाळ्यातल्या दमटपणानं कागद काचेला चिकटतो. काच, माउंट, फ्रेम धरून खर्च पेपरलाच जास्त पडतो, मला तो पटतो.

फोटो लॅबमधला ग्लॉसी, चकचकीत प्रिंट स्वस्तात होतो पण खिडकीसमोरच्या भिंतीवर पाण्याऐवजी खिडकीच दिसते.

फाइल मूळ कॅमेऱ्यातलीच द्या, व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेली नको. २४ मेगापिक्सलच्या फोटोत ६००० बाय ४००० पिक्सल असतात, २० बाय ३० ला इंचाला २०० पडतात, तेवढे पुरतात.

अन् ऑर्डर देण्याआधी पांढऱ्या पाण्याचा तुकडा मोठ्या प्रिंटमधी जेवढा दिसेल तेवढाच मोठा, हातभर पट्टीवर, कॅनव्हास अन् पेपर दोन्हींवर काढून मागा, घरी आणून रात्री आपल्याच ट्यूबलाइटखाली भिंतीला धरून बघा.