देशी रोपांची एक रोपवाटिका, तीन पावसाळ्यांनंतर

मुळशीच्या रस्त्यावरील या रोपवाटिकेतून मी गेल्या तीन पावसाळ्यांत मिळून २०० हून अधिक रोपे घेतली. त्यांतील बहुतेक ताम्हिणीजवळच्या आमच्या वडिलोपार्जित ३० गुंठ्यांत लावली आणि उरलेली कोथरूडच्या बाजूच्या एका टेकडीवर आमच्या रविवारच्या गटाने लावली. रोपवाटिकेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माझ्या काही तक्रारी आहेत आणि त्या या एकाच जागेपुरत्या आहेत असे मला वाटत नाही. रोप घेताच लिहिलेल्या अभिप्रायाला फारसा अर्थ नसतो, म्हणून तीन उन्हाळे जाऊ दिले.

आमच्या ताम्हिणीच्या तुकड्यावर पूर्वी उतारावर नाचणी आणि वरई व्हायची, वरच्या अंगाला राबासाठी, म्हणजे पेरणीआधी जमिनीवर पाला-फांद्या जाळण्यासाठी, झाडे सवळली (फांद्या छाटल्या) जायची. शेती थांबून बरीच वर्षे झाली. आज तिथे करवंदाच्या जाळ्या, कारवी आणि जुन्या खोडांतून फुटलेले ऐन-हिरडे आहेत, म्हणजे रान स्वतःच परत येऊ लागले आहे. अशा जागी रोपे विकत घेताना विचारायचा खरा प्रश्न ‘झाड देशी आहे का’ एवढाच नसतो. ते झाड कोणत्या स्वभावाचे आहे, परतणाऱ्या रानात त्याची पाळी केव्हा येते, हा असतो. या रोपवाटिकेची बलस्थाने आणि उणिवा दोन्ही मला याच प्रश्नाशी येऊन थांबलेल्या दिसल्या.

आधी दरपत्रकाविषयी. चांदाड्याचे रोप ४० रुपयांना आणि अंजनीचे, उंचीने त्याच्या निम्मे असूनही, १५० रुपयांना. पहिल्या वर्षी मला हा भाव अन्यायाचा वाटला आणि मी तो गल्ल्यावरच्या काकांना बोलूनही दाखवला. ते म्हणाले, “चांदाडा जूनमध्ये पेरला की पुढच्या जूनला गिऱ्हाइकाच्या हातात. अंजनीला तीन वर्षं पाणी घालतोय मी.” वनस्पतिशास्त्र ज्याला वाढ आणि तग यांच्यातील तडजोड म्हणते, ती या दरपत्रकात रुपयांत छापलेली होती. जे झाड पातळ पान आणि हलके लाकूड यांवर कमी खर्च करते, ते भराभर उंच होते, पण लवकर मोडते किंवा किडीला बळी पडते. जे जाड पान आणि घट्ट लाकूड बांधते, ते सावकाश वाढते, सावलीत कळ काढते आणि दीर्घकाळ टिकते. २००४ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात जगभरातील १७५ ठिकाणच्या २,५४८ प्रजातींच्या पानांचा हिशेब मांडला होता, आणि स्वस्त-अल्पायुषी पानांपासून महाग-दीर्घायुषी पानांपर्यंत बहुतेक वनस्पती एकाच उतरंडीवर बसतात असे त्यातून दिसले. पुढे २०१६ मध्ये ४६,०८५ प्रजातींवरील कामात उंची, खोडाची घनता, पानाचे क्षेत्रफळ, पानाची जाडी-घडण, पानातील नत्र आणि बियांचे वजन अशी सहा लक्षणे एकत्र घेतली गेली. त्यांतील बराचसा फरक दोनच अक्षांवर मावतो: झाड आणि त्याचे बी केवढे मोठे, आणि पान केवढ्या खर्चाचे.

हे वाचलेले असल्यामुळे मी घरी एक छोटा प्रयोग केला आणि त्यात फसलो. रोपवाटिकेतून आणलेल्या चांदाड्याच्या आणि अंजनीच्या पानांना कागदाला भोके पाडण्याच्या पंचने प्रत्येकी २०० टिकल्या पाडल्या, त्या ओव्हनमध्ये मंद आचेवर पूर्ण वाळवल्या आणि चांदी तोलण्याच्या छोट्या डिजिटल काट्यावर तोलल्या. क्षेत्रफळ सारखे असल्यामुळे वजनातील फरक हा थेट पानाच्या घडणीतील फरक. अपेक्षा अशी होती की अंजनीच्या टिकल्या ठळकपणे जड भरतील. प्रत्यक्षात दोन्ही ढीग जवळपास सारखेच निघाले. चूक काट्याची नव्हती. सगळी रोपे हिरव्या शेडनेटखाली वाढवलेली होती, आणि सावलीत वाढलेले पान कोणत्याही झाडाचे असो, उन्हातल्या पानापेक्षा पातळच असते. नंतर ताम्हिणीच्या मोकळ्या कातळाशेजारी वाढलेल्या जुन्या अंजनीची पाने आणून तोच खटाटोप केला, तेव्हा वजन दुपटीच्या जवळ गेले.

माझी पहिली तक्रार हीच आहे. शेडनेटखालची कोवळी पाने घेऊन रोप सरळ उघड्या टेकडीवर गेले की आठवड्याभरात पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी होतात आणि रोप पुन्हा पहिल्यापासून पाने बांधायला बसते. विक्रीपूर्वी निदान तीन आठवडे रोपे उन्हात काढून ठेवावीत, म्हणजे त्यांची कणखर पाने तिथेच येतील, असे मी दोनदा सुचवले. जागा कमी पडते, हे उत्तर मिळाले. ते खरे असेलही, पण नुकसान गिऱ्हाइकाचेच होते.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. रोपवाटिका एकच छापील यादी देते, तिचे शीर्षक ‘सह्याद्रीतील जंगल उभारणीसाठी ५० देशी झाडे’ असे आहे, आणि तीच यादी ताम्हिणीला जाणाऱ्यालाही मिळते व वेताळ टेकडीच्या परिसरात लावणाऱ्यालाही. पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो. ताम्हिणीच्या माथ्यावर त्याच्या कित्येक पट. मध्ये अंतर आहे दीड-दोन तासांच्या प्रवासाचे, आणि तेवढ्या अंतरात रान परतण्याची रीतच उलटी होते. लॅटिन अमेरिकेतील ५० ठिकाणच्या दुय्यम वनांवर, म्हणजे मोकळ्या झालेल्या जमिनीवर पुन्हा उगवलेल्या रानांवर, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हे नेमके दाखवले: भरपूर पावसाच्या प्रदेशात मोकळ्या जमिनीवर प्रथम हलक्या लाकडाची झाडे येतात आणि वय वाढेल तशी रानातील लाकडाची सरासरी घनता चढत जाते, कोरड्या प्रदेशात प्रथम घट्ट लाकडाची झाडे येतात आणि पुढे सरासरी उतरते. कारण समजायला कठीण नाही. ओल्या जागी शर्यत उजेडाची असते, म्हणून स्वस्त खोड बांधून वर धावणारे झाड जिंकते. कोरड्या जागी उघडी जमीन तापते, मातीतील पाणी संपते, खोडातील पाण्याच्या धारेत हवेचा बुडबुडा शिरला की ती तुटते, आणि घट्ट लाकडाच्या झाडांच्या वाहिन्या हा ताण सहसा जास्त सोसतात. काही वर्षांनी सावली धरली, जमीन जरा गार राहू लागली, की मग मऊ लाकडाच्या झाडांना तिथे जागा होते. ते आकडे त्या खंडाचे आहेत आणि आपल्याकडे वणवा, चराई आणि कुऱ्हाड यांचा हिशेब वेगळा करावा लागतो, परंतु या बाबतीत आमच्या टेकडीने मला वेगळे काही सांगितले नाही. यादीप्रमाणे तिथे लावलेला चांदाडा पहिला मार्चही पाहू शकला नाही. खैर, धावडा आणि बोर मात्र, कुणी त्यांचे फारसे कौतुक न करता, उभे आहेत. खैराला तर शेंगवर्गीय असल्यामुळे मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र मिळवण्याची सोय आहे. पनामातील २०१३ च्या एका अभ्यासात परतणाऱ्या रानाच्या पहिल्या १२ वर्षांत लागणाऱ्या नत्राचा निम्म्याहून अधिक वाटा अशाच झाडांनी पुरवलेला दिसला होता. (हाच गुण गिरिपुष्पात, म्हणजे ग्लिरिसिडियातही आहे, आणि मध्य अमेरिकेतून आलेल्या त्या झाडाने पुण्याच्या टेकड्या कशा व्यापल्या ते आपण रोज फिरताना पाहतोच. तेव्हा एखाद्या चांगल्या लक्षणावर भाळून झाड निवडू नये.)

ताम्हिणीच्या तुकड्यावर मात्र हीच यादी खरी उतरली, किंबहुना जरा जास्तच. मी विकत घेऊन लावलेले ४० चांदाडे दुसऱ्याच पावसाळ्यात माझ्या डोक्यावर गेले. त्याचे पान पाहण्यासारखे असते: जेवणाच्या ताटलीएवढे, आणि देठ कडेला न जोडता पानाच्या आत, छत्रीला दांडी लागावी तसा लागलेला. पण त्याच पावसाळ्यात करवंदांच्या कडेने कितीतरी चांदाडे मी न लावताही उगवले. बी बारीक, पक्षी ते गिळून वाटेत टाकत जातात, उघडीप मिळताच ते रुजते. जे झाड बुलबुल फुकट लावून देतो त्यासाठी प्रत्येकी ४० रुपये देणे हा माझा शुद्ध मूर्खपणा होता, आणि रोपवाटिकेने तो मला सांगायला हवा होता. या जागी विकत घ्यायचे ते सावकाश वाढणारे, मोठ्या बियांचे झाड. अशा बिया पोहोचवायला धनेशासारखा मोठा पक्षी किंवा जवळची देवराई लागते आणि दोन्ही आता सगळीकडे राहिलेली नाहीत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांवर लिहिले, तेव्हाच त्यांतील कित्येक उतरणीला लागल्या होत्या.

आता जे उत्तम आहे ते. या लोकांना बियांची जाण खरोखर आहे. जांभूळ आणि कोकम यांचे बी वाळवून ठेवता येत नाही, ते सुकले की मेले. म्हणून फळ पडताच थोड्याच दिवसांत पेरावे लागते, आणि इथे ते तसे पेरले जाते. मे-जूनमध्ये गेलात तर पाठीमागच्या पडवीत गोणपाटावर ओल्या बिया पसरलेल्या दिसतील. रोपे तपासताना मी आठ पिशव्या फाडून पाहिल्या: जांभळाची मुळे सरळ होती, हिरड्याच्या तीन रोपांचे सोटमूळ मात्र पिशवीच्या तळाशी वेटोळे घालून बसले होते. ती त्यांनी काही न बोलता बदलून दिली. ज्या झाडाला उन्हाळ्यात खोल जाऊन पाणी गाठायचे आहे त्याचे मूळ पिशवीतच वळले, तर पुढे कितीही खत घातले तरी भागत नाही, त्यामुळे रोपे घेताना एखादी पिशवी फाडून पाहण्याचा आग्रह जरूर धरा. इथे कुणी तोंड वाकडे करत नाही.

आणि खरे ज्ञान यादीत नसून वाफ्यावर काम करणाऱ्या मावशींकडे आहे. तिसऱ्या वर्षी मी गल्ल्यावर न थांबता सरळ त्यांच्याकडे गेलो. त्यांनी विचारले, “रान कुठवर आलंय? सावली धरलीय का उघडंच हाय?” हाच तो प्रश्न, जो यादीने कधी विचारला नाही. सावली धरली आहे म्हटल्यावर त्यांनी चांदाड्याकडे पाहिलेही नाही. अंजनी आणि पिसा काढून दिले. हे ज्ञान दोन याद्यांत, एक घाटमाथ्यासाठी आणि एक शहराच्या बाजूसाठी, लिहून घेणे रोपवाटिकेला एका दुपारचे काम आहे.

एक इशारा द्यायला हवा, कारण दुकानाच्या भिंतीवर ‘दहा वर्षांत घनदाट जंगल’ असे रंगवलेले आहे. उष्णकटिबंधातील ७७ ठिकाणच्या दुय्यम वनांवरील २०२१ च्या अभ्यासात माती दहा वर्षांच्या आत सावरते, झाडांची कार्यलक्षणे (पान-लाकडाची घडण वगैरे) २५ वर्षांच्या आत, पण एकूण जैवभार, म्हणजे झाडांचे एकूण वजन, आणि प्रजातींची मूळची ठेवण यांना १२० वर्षांहून अधिक लागतात, असे आढळले. दहा वर्षांत हिरवे दिसेल हे खरे. ते हिरवे बरेचसे चांदाड्याचे असेल.

एकूण पाचपैकी साडेतीन तारे. घाटमाथ्यावर जमीन असणाऱ्यांनी जरूर जावे, शहराच्या टेकड्यांवर लावणाऱ्यांनी यादी घडी घालून खिशात ठेवावी आणि मावशींना शोधावे. सोमवारी बंद असते, पैसे मोबाइलवरून घेतात, टेम्पोचे भाडे वेगळे. माझ्या चांदाड्यांच्या सावलीत पहिल्या वर्षीच्या २५ अंजन्यांपैकी १९ जिवंत आहेत, सर्वांत उंच अजून माझ्या गुडघ्याला लागत नाही. येत्या जूनसाठी आणखी ३० सांगून ठेवल्या आहेत, आणि या वेळी त्या एप्रिलपासून शेडनेटबाहेर ठेवायचे काकांनी कबूल केले आहे.