पुणे की पूना?

आजीच्या जुन्या पोस्टकार्डावर ठसठशीत शिक्का आहे, पूना. घरात मात्र कायम पुणंच. पूना म्हणजे इंग्रजांच्या स्पेलिंगमधलं रूप, ते हिंदीतही रुळलं आणि बॅडमिंटनलाही पूर्वी पूनाच म्हणायचे. पण मराठीत ते चालतच नाही हो, प्रत्यय लावून बघा, पूनात, पूनाहून, जिभेला कसंसंच होतं, आणि पुण्यात, पुण्याहून, पुणेकर कसं सहज येतं, ठाणे-ठाण्यात सारखं. शिवाय आठव्या शतकातल्या राष्ट्रकूट ताम्रपटांत पुण्य विषय, पूनक विषय (विषय म्हणजे तेव्हाचा जिल्ह्यासारखा प्रदेश) अशी नावं आहेत, म्हणजे मुळं इथलीच. क्लबांच्या जुन्या पाट्यांवर पूना राहू दे, तो इतिहास आहे, बोलताना मला पुणंच हवं.