वस्तू परत घ्यावी, थोडे पैसे सोडावेत की निकाल प्लॅटफॉर्मवर सोपवावा?

जुना फोन, लॅपटॉप किंवा कॅमेरा ऑनलाइन विकून चार-आठ दिवस होतात आणि मेसेज येतो, "तुम्ही सांगितलं होतं तसं नाहीये हे." वाचल्याबरोबर मनात येतं, की समोरचा लबाड तर नाही? मीही आधी तिथूनच सुरुवात करायचो. आता करत नाही. तो खरं बोलतोय की खोटं, हे घरबसल्या सहसा कळत नाही, आणि ते कळेपर्यंत थांबायचं म्हटलं तर दिवस निघून जातात. आपल्याला ठरवायचं असतं ते एवढंच: वस्तू परत घेऊन सगळे पैसे द्यायचे, वस्तू त्याच्याकडे राहू देऊन थोडे पैसे सोडायचे, की दोघांनी प्लॅटफॉर्मच्या तक्रार विभागासमोर उभं राहायचं.

हे तिन्ही मी करून पाहिलं आहे. सगळ्यांचा अनुभव माझ्यासारखाच असेल असं नाही, पण असा मेसेज आत्ता ज्यांच्या हातात आहे त्यांना काहीतरी उपयोग होईल. तुम्ही जाहिरातीत प्रामाणिकपणे लिहिलं होतं, हे मी धरून चाललो आहे. माहीत असलेला दोष लपवला असेल तर पैसे परत करून मोकळं व्हावं, तिथे तुलनेचा प्रश्नच येत नाही.

थोडे पैसे सोडणं

पहिल्या तक्रारीला मी हाच मार्ग धरला. हिशेब सरळ दिसतो: पार्सलची ये-जा वाचते, पुन्हा जाहिरात टाकायला नको, घेणाऱ्याला वस्तूही मिळते आणि थोडी भरपाईही.

वस्तू लॅपटॉप होती. जाहिरातीत मी "बॅटरी ठीक आहे" असं लिहिलं होतं. घेणाऱ्याने कळवलं की चार्जर काढला की जेमतेम तासभर चालतो. चूक माझी होती. "ठीक" या शब्दाला माप नाही. विंडोजमध्ये पॉवरसीएफजी (powercfg) नावाच्या कमांडने बॅटरीचा अहवाल काढता येतो. त्यात कारखान्यातून आली तेव्हाची क्षमता आणि आज पूर्ण चार्ज झाल्यावरची क्षमता असे दोन्ही आकडे समोरासमोर असतात. तो अहवाल जाहिरातीत टाकला असता तर हा वाद निघालाच नसता. त्याने रकमेच्या पंधरा टक्के मागितले, मी घासाघीस न करता दिले. "धन्यवाद, विषय संपला," असं त्याने लिहिलं.

नवव्या दिवशी त्याचा मेसेज आला की स्क्रीन उघडताना बिजागरीतून आवाज येतो. तोही मी समजुतीने घेतला. पुढच्या आठवड्यात एक व्हिडिओ आला. त्यात एक अंगठा 'एन'चं बटण अगदी सावकाश दाबतो आणि स्क्रीनवर दोन 'एन' उमटतात. पुन्हा दाबतो, पुन्हा दोन. तो व्हिडिओ मी चार-पाच वेळा पाहिला. माझ्याकडे असताना असं होत नव्हतं असं मला अजूनही वाटतं, पण शपथेवर सांगता येणार नाही, कारण तेव्हा मी तसं लक्ष दिलंच नव्हतं. त्यानंतर चार्जर गरम होतो, मग पंख्याचा आवाज येतो. हे जवळजवळ सहा आठवडे चाललं.

तो माणूस लबाड होता असं मला वाटत नाही. एकदा किंमत पुन्हा उघडली की ती बंद होत नाही, एवढंच. जुन्या वस्तूत रोज काही ना काही सापडतंच. दुकानातून घेतलेल्या जुन्या वस्तूत सापडलं तर माणूस सोडून देतो, पण इथे पलीकडे पैसे परत करणारा एक माणूस बसलेला आहे हे त्याला ठाऊक झालेलं असतं. मी दिलेली रक्कम फार नव्हती. पण फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं, जेवताना, कामात, रात्री झोपताना. या एका त्रासाने माझं मत बदललं. आता कितीही फायद्याचा दिसला तरी हा मार्ग मी सहसा घेत नाही.

आणखी एक गोष्ट तेव्हा मला माहीत नव्हती. थोडे पैसे घेतल्याने घेणाऱ्याचा तक्रारीचा हक्क आपोआप संपत नाही. ईबे या ऑनलाइन बाजारावर वस्तू पोचल्यापासून ३० दिवस तक्रार करता येते. पेपल या ऑनलाइन पैसे देण्याच्या सेवेवर पैसे भरल्यापासून १८० दिवसांत वाद उघडता येतो. कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेकडून चार्जबॅक, म्हणजे भरलेले पैसे बँकेमार्फत परत, मागण्याची वाट आणखी वेगळी. म्हणजे पंधरा टक्के घेतलेला माणूस महिन्याने पूर्ण रकमेची तक्रारही करू शकतो. त्यातून तुम्ही ते पंधरा टक्के प्लॅटफॉर्मच्या बाहेर, दुसऱ्याच खात्यावरून पाठवलेले असतील, तर ते दिले होते हे दाखवतानाच दमछाक होते. म्हणून हा मार्ग घ्यायचाच असेल तर पैसे जिथून आले त्याच वाटेने परत करा, आणि "बॅटरीच्या तक्रारीपोटी ही रक्कम, यानंतर याबाबत आणखी मागणी नाही" असं प्लॅटफॉर्मच्याच मेसेजमध्ये त्याच्याकडून मान्य करून घ्या.

तरीही काही ठिकाणी हाच मार्ग बरा, हेही खरं. केबल पाठवायची राहिली, कव्हर वेगळंच गेलं, रिमोटचं झाकण तुटलेलं निघालं, अशी मोजता येणारी आणि एकदाच संपणारी उणीव असेल तर थोडे पैसे द्यावेत. आणि बॅटरी फुगली असेल तर ती वस्तू कुणी कुरियरने परत मागवूच नये. खराब झालेल्या लिथियम बॅटरीला विमानाने न्यायची मनाई आहे ती उगाच नाही, अशी बॅटरी वाटेत पेट घेऊ शकते. तिथे वस्तूचा नाद सोडून पैसे परत करावेत.

प्लॅटफॉर्मकडे जाणं

खासगी विक्री आहे, मग परतीचा प्रश्न कुठे येतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. कायद्यापुरतं त्यात तथ्य आहे. उदाहरणार्थ, युरोपियन संघातला १४ दिवसांत वस्तू परत करण्याचा हक्क व्यावसायिक विक्रेत्याकडून घेतलेल्या मालापुरताच आहे. पण ज्या प्लॅटफॉर्मवर तुम्ही विकलं त्याचे नियम तुम्ही मान्य केलेले असतात. जाहिरातीत "परत घेणार नाही" असं ठळक लिहिलं तरी ईबेसारख्या ठिकाणी "वर्णनाप्रमाणे नाही" ही तक्रार चालते, आणि ती मान्य झाली तर परतीच्या पार्सलचा खर्चही विकणाऱ्यावर येतो. तिथे उत्तर द्यायला कामाचे ३ दिवस मिळतात. गप्प राहिलात तर प्रकरण तुमच्याविरुद्ध जाण्याची शक्यता फार मोठी. रागावून गप्प बसणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, हे मी कळकळीने सांगतो.

माझं एकच प्रकरण तिथपर्यंत गेलं. फोनच्या स्क्रीनवर डाग असल्याची तक्रार होती. मी पॅक करण्यापूर्वी पांढऱ्या आणि काळ्या पार्श्वभूमीवर स्क्रीनचे फोटो काढले होते, ते दिले. निकाल माझ्या बाजूने लागला. पण तीन आठवडे रक्कम अडकली होती, आणि निकाल देणाऱ्याने फोन पाहिलेलाही नव्हता. तो फोटो पाहतो, तारखा पाहतो, मेसेज वाचतो. तुमचा कागद भक्कम असेल तर ठीक, नसेल तर तुम्ही खरे असूनही हरू शकता. घेणाराही खरा असू शकतो. डाग वाटेत पडला असेल तर त्याने काय करायचं? तो नाराज झालेला माणूस आजही माझ्या डोक्यातून जात नाही.

तरी काही प्रसंगांत मी थेट तिकडेच जाईन. घेणारा म्हणाला की डबा रिकामा निघाला, किंवा त्याने पाठवलेल्या फोटोतला सिरीयल नंबर माझ्या वस्तूचा नाही, किंवा "इतके पैसे द्या, नाहीतर वाईट शेरा लिहीन" असं लेखी आलं, तर त्याच्याशी बोलणी करू नयेत. धमकीचा मेसेज आहे तसा कळवावा. ईबेवर २००८ पासून विकणाऱ्याला घेणाऱ्याबद्दल वाईट शेरा देता येत नाही. त्यामुळे शेऱ्याच्या धाकाला उत्तर द्यायची हीच एक जागा उरते.

परत घेणं

माझा कल इकडे आहे, हे एव्हाना लक्षात आलं असेल.

लॅपटॉपनंतर वर्षभराने मी कॅमेरा आणि एक लेन्स विकली. पाचव्या दिवशी तक्रार आली, "ऑटोफोकस चालत नाही." या वेळी मी लिहिलं की जसं आलं तसंच्या तसं परत पाठवा, पार्सलचा खर्च माझा, तपासून पूर्ण रक्कम देतो. पार्सल आलं. लेन्सच्या कडेला ऑटो-मॅन्युअलचं बटण असतं, ते बरोबर ऑटोवरच होतं. लेन्स काढून उजेडात धरली तर मागच्या सोनेरी पट्ट्यांवर, जिथून कॅमेऱ्याला संदेश जातो, बोटाचा तेलकट ठसा स्पष्ट दिसत होता. ठसा माझा की त्याचा, देव जाणे. कोरड्या मऊ कापडाने पुसला आणि फोकस लागायला लागला. त्याला मी पैसे दिले, नेमकं काय सापडलं तेही सांगितलं. तो म्हणाला, "आता परत घ्यायला नको, मी दुसरा बघितला." संपलं. पुन्हा एकही मेसेज आला नाही. पुढच्या जाहिरातीत मी ही तक्रार आणि तिचं कारण दोन्ही लिहिलं, आणि कॅमेरा जवळजवळ त्याच किमतीला गेला.

पैशाच्या हिशेबात बघाल तर हा मार्ग कदाचित सर्वात महाग. दोन वेळचं पार्सल, पुन्हा फोटो, पुन्हा जाहिरात, आणि वस्तूची किंमत तोवर थोडी उतरते. वस्तू स्वस्त असेल तर हे परवडत नाही, हे मान्य. पण पाच दिवसांत दोन्ही माणसं मोकळी झाली. लॅपटॉपच्या वेळी सहा आठवड्यांतही तसं झालं नव्हतं.

यात खरी भीती असते ती परत येणाऱ्या वस्तूची. आतली रॅम बदललेली, तुटलेला फोन तुमच्या डब्यात घालून पाठवलेला, असं घडतं. म्हणून पाठवण्यापूर्वीच सिरीयल नंबर दिसेल असा फोटो हवा. फोनचा १५ अंकी आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, टिपून ठेवा, लॅपटॉपच्या सेटिंगमधल्या रॅम आणि डिस्कच्या माहितीचा स्क्रीनशॉट घ्या, आणि डबा बंद होईपर्यंतचा न थांबवलेला व्हिडिओ करा. परत आलेलं पार्सल उघडतानाही तसाच व्हिडिओ. मी पार्सलचं वजनही पावतीवरून जुळवून बघतो.

फोनमध्ये एक गोष्ट फार जण विसरतात. घेणाऱ्याने स्वतःचं खातं घातलं असेल तर ते काढल्याशिवाय फोन परत पाठवू देऊ नका. आयफोनवर २०१३ साली आयओएस ७ बरोबर ॲक्टिव्हेशन लॉक (खातेदाराच्या पासवर्डशिवाय फोन सुरू न होणारं कुलूप) आलं, अँड्रॉइडवर ५.१ या आवृत्तीपासून रिसेटनंतर जुनं खातं मागितलं जातं. चोरीविरुद्ध ही सोय उत्तम आहे, पण अशा परतीत तुमच्या हातात न उघडणारा फोन येतो आणि खातेदार तोवर पैसे घेऊन निघून गेलेला असतो. खातं काढल्याचा स्क्रीनशॉट आधी, पार्सल नंतर.

पैसे वस्तू तपासल्यावरच द्यावेत, आणि ज्या वाटेने आले त्याच वाटेने. "कार्ड बंद झालंय, या दुसऱ्या खात्यावर टाका" असं कुणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. त्या खात्यावर तुम्ही दिलेले पैसे गेले आणि मागाहून मूळ कार्डावर चार्जबॅकही झाला, तर तेच पैसे तुम्ही दोनदा दिलेले असतील.

कुणाला वाटेल की हे बोलायला ठीक, पण प्रत्येक कुरकुरीला वस्तू परत घेत बसलो तर विकणं होईल कधी? माझीही हीच शंका होती. लॅपटॉपनंतर मला एकूण पाच तक्रारी आल्या. फोनवाल्या गृहस्थांनी थेट प्लॅटफॉर्मवरच तक्रार नोंदवली, त्यामुळे वस्तू परत घेतो असं त्यांना सांगायची संधीच मला मिळाली नाही. बाकी चौघांना मी जवळजवळ हाच मजकूर पाठवला: "त्रास झाला याबद्दल वाईट वाटतं. किंमत कमी करणं मला जमणार नाही, पण वस्तू आहे तशी, सगळ्या सामानासह सात दिवसांत परत पाठवा. पार्सलचा खर्च मी देईन, सिरीयल नंबर जुळवून त्याच दिवशी पूर्ण रक्कम परत करेन." दोघांनी वस्तू परत पाठवली. एक कॅमेरावाले. दुसरे हेडफोनवाले, त्यांच्या हेडफोनचा उजवा कान खरोखरच बंद पडत होता, आणि ते मला विकताना कळलं नव्हतं. उरलेल्या दोघांनी लिहिलं, "राहू द्या, चालवून घेतो."