एल्डन रिंग: सहा महिने खेळल्यावर, धीर धरणाऱ्यांसाठी

25 फेब्रुवारी 2022 ला एल्डन रिंग हा व्हिडिओ गेम आला तेव्हापासून तो कठीण आहे हे सगळेच सांगतात. विकत घेणाऱ्याच्या मनात प्रश्न वेगळा असतो. हात फार चपळ नाहीत, पण चिकाटी आहे, अशा माणसाला तो जमेल का? पीसीवर, कंट्रोलरने, मूळ गेम आणि नंतरचा विस्तार दोन्ही धरून उत्तर असं: जमतो, आणि भरभरून देतो. फक्त एकाच बॉसवर, म्हणजे वाट अडवणाऱ्या बलाढ्य शत्रूवर, चाळीसदा डोकं आपटण्याला तो चिकाटी मानत नाही.

स्टॉर्मव्हील किल्ल्याच्या वाटेवरचा मार्गिट हा बॉस घ्या. तो काठी खांद्यामागे नेतो आणि तिथेच धरून ठेवतो. नवा खेळाडू काठी उचललेली दिसली की रोल, म्हणजे वार चुकवणारी कोलांटी, मारतो, आणि रोल संपवून उठतो नेमका तेव्हा काठी डोक्यात बसते. हे मुद्दाम तसं रचलेलं आहे. साकवावर गरी टाकून बसणाऱ्याला हे सांगावं लागत नाही: पहिल्या टोचणीला दोरी ओढली की आमिष जातं आणि मासा पाण्यातच राहतो. काठी सोडून त्याच्या खांद्याकडे बघा. खांदा पुढे वळला की रोल, तोही मागे न पळता त्याच्या अंगाकडे. मग दोन वार करून बाजूला व्हा. तिसऱ्या वाराचा मोह झाला की मार बसतो. समोर उभं राहून फ्लास्क, म्हणजे हेल्थ भरणारं औषध, प्यायलात तर तो सुरा फेकतो, म्हणून त्याचा मोठा वार संपल्यावरच प्या.

इथे बटणाची एक गोष्ट माहीत हवी. रोल बटण दाबल्यावर होत नाही, सोडल्यावर होतो, कारण तेच बटण धरून ठेवलं की पात्र धावतं. घाबरून बटण आवळून धरणाऱ्याचा रोल म्हणून उशिरा येतो. मार खाता खाता बटण तीनदा बडवलं तर गेम ते लक्षात ठेवतो आणि सावरल्यावर नको असलेला रोल मारून देतो. सुरुवातीची निम्मी मरणं या दोन सवयींची असतात, बॉसची नव्हे.

तरीही मार्गिट आटोपत नसेल तर त्याला तिथेच सोडून दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुलात जा. गेमची सगळ्यात मोठी उदारता इथे दिसते. त्या एका भागात तीन चर्च आहेत आणि प्रत्येकात एक सेक्रेड टिअर आहे, म्हणजे फ्लास्कचा एक घोट तीन पायऱ्यांनी जास्त भरतो. सुरुवातीच्या लिमग्रेव्ह भागातल्या चर्च ऑफ एलेच्या ऐरणीवर हत्यार +3 पर्यंत नेता येतं. त्यासाठी पहिल्या दर्जाचे स्मिदिंग स्टोन 2, 4 आणि 6 असे एकूण 12 लागतात. ते लिमग्रेव्हच्या खाणीत भिंतींत चमकताना दिसतात. मर्कवॉटर गुहेतला पॅचेस हा लुटारू शरण आला की हात आवरा. त्याला जिवंत ठेवलं तर तो 5,000 रून्सला (शत्रू मारून मिळणारं चलन) मार्गिटची बेडी विकतो, जी लढाईच्या पहिल्या टप्प्यात दोनदा मार्गिटला जमिनीला खिळवते.

रून्स देऊन लेव्हल वाढवताना, म्हणजे पॉइंट घालताना मात्र बहुतेकांचा धीर सुटतो. सगळे ताकदीत ओततात आणि हेल्थ वाढवणारं व्हिगर 15 वर पडून राहतं. आकडे बघा: व्हिगर 25 ला हेल्थ 800, 40 ला 1,450, 60 ला 1,900 आणि 99 ला 2,100. म्हणजे 25 ते 40 दरम्यान प्रत्येक पॉइंटला सुमारे 43 हेल्थ मिळते, 40 ते 60 मध्ये साडेबावीस आणि त्यापुढे जेमतेम पाच. आधी 40 गाठा, मग बाकीचं. हत्याराचं नुकसान सुरुवातीला लेव्हलपेक्षा दगडांनी जास्त वाढतं, म्हणून एकाच जागी तेच शत्रू मारत रून्स जमवत बसण्यात वेळ घालवू नका. अंगावरचं वजन 70 टक्क्यांच्या खाली ठेवा. वर गेलं की रोल जड होतो आणि मार्गिटवर शिकलेलं सगळं वाया जातं.

आता आपल्याकडची अडचण. हा गेम पॉज होत नाही, आणि जूनच्या गडगडाटात गोव्यात पेडणे-सत्तरीकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही. गेम सतत आपोआप सेव्ह होतो, त्यामुळे सहसा लढाईपुरतंच नुकसान होतं. पण सेव्ह लिहिली जात असताना वीज गेली तर फाइल बिघडू शकते. ॲपडेटामधल्या रोमिंगमध्ये एल्डनरिंग नावाचं फोल्डर असतं, ते आठवड्यातून एकदा पेनड्राइव्हवर घ्या. घरच्या इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असेल तर ते चालू ठेवा, नाहीतर लाइट जाताच पंखा फिरत राहतो आणि पीसी बंद पडतो. दारावर कोणी आलं तर एक आडवाट आहे: इन्व्हेंटरी उघडा, हेल्प दाबा, मेन्यू एक्स्प्लनेशन निवडा. तेवढ्यापुरता गेम थांबतो.

धीराचं मोल जिथे मिळत नाही अशा जागाही आहेत. मलेनिया ही बॉस प्रत्येक फटक्याला स्वतःची हेल्थ भरून घेते, ढालीवर घेतलेल्या फटक्यालासुद्धा. शंभर तास ढालीआड शांतपणे खेळलेल्या माणसाची रीत तिथे अचानक त्याच्यावरच उलटते, आणि हे अन्यायाचं वाटतं. दुसरी तक्रार पात्रांच्या कथांची. कोणी काय सांगितलं याची नोंद गेम ठेवत नाही. मार्च 2022 मधल्या 1.03 अपडेटपासून नकाशावर पात्रांची खूण दिसते, पण बोलणं दिसत नाही. चवथीची आठ दिवसांची सुट्टी घेऊन परत आलात की कुणाला काय कबूल केलं होतं ते आठवत नाही. शेजारी वही ठेवा: नाव, जागा, शेवटचं वाक्य.

21 जून 2024 ला आलेल्या शॅडो ऑफ द एर्डट्री विस्तारात हाच हिशेब उघडपणे मांडलाय. आत शिरण्याआधी राडान आणि मोग हे दोन बॉस हरवावे लागतात, आणि आत गेल्यावर नुसती लेव्हल पुरी पडत नाही. तुमचा वार आणि मार सोसण्याची ताकद दोन्ही स्काडुट्री फ्रॅगमेंटवर ठरतात: एकूण 50 तुकडे, 20 पायऱ्या. हे तुकडे चर्चमध्ये, क्रॉसपाशी, वाटेबाहेरच्या कोपऱ्यांत पडलेले असतात. एखादा बॉस दोन फटक्यांत मारतोय असं वाटलं तर आधी ग्रेसपाशी, म्हणजे विसाव्याच्या जागी, बसून तुमची पायरी किती आहे ते बघा. चार-पाचवर अडकलेले असाल तर नकाशाचा न पाहिलेला भाग उघडा आणि मग परत या.