नुनावुतसाठी इंटर्नशिप : छोटी संस्था की मोठी?

ओटावात शिकत असताना कॅनडाच्या उत्तरेतील इनुइट या मूळनिवासी लोकांच्या वस्त्यांसाठी काम करायचे असेल, तर इंटर्नपुढे सहसा दोन पर्याय येतात. एक म्हणजे मोठ्या राष्ट्रीय संस्थेचा उत्तर विभाग आणि दुसरा म्हणजे चार-पाच माणसांनी एकाच खोलीतून चालवलेली छोटी सेवाभावी संस्था. मी को-ऑपच्या, म्हणजे अभ्यासक्रमाचाच भाग असलेल्या कामाच्या सत्रांच्या, निमित्ताने दोन्हीकडे एकेक उन्हाळा काढला. दोन्ही ठिकाणचे काम शाळांना पुस्तके आणि साहित्य पोचवण्याचेच असल्यामुळे तुलना फारशी अन्यायाची ठरू नये. तरीही हा एकट्याचा अनुभव आहे, हे ध्यानात ठेवावे.

मोठ्या संस्थेच्या बाजूने सांगण्यासारखे बरेच आहे. तिथे मानधन वेळेवर मिळते, शिकवायला माणूस नेमलेला असतो आणि तिच्या नावाचे वजन पुढे नोकरी शोधताना उपयोगी पडते. ‘इनुइट तापिरिइत कनातामी’ या इनुइटांच्या राष्ट्रीय संघटनेचे २०१८चे संशोधनविषयक धोरण मी तिथेच नीट वाचले, आणि इनुइटांविषयीच्या माहितीवर ताबा इनुइटांचा असला पाहिजे हा त्यातील आग्रह मला तिथेच समजला. छोट्या संस्थेत असे कोणी बसून समजावले नसते. शिवाय तिथे अनुदानाचा घोर कायमचा. कॅनडाच्या केंद्र सरकारचे आर्थिक वर्षही ३१ मार्चलाच संपत असल्याने आपल्याकडच्या ‘मार्चअखेर’ची सगळी धांदल तिथेही भेटते.

माझा कौल मात्र छोट्या संस्थेला, आणि तो एका त्रासाने ठरला. नुनावुत या कॅनडाच्या उत्तरेकडील प्रदेशातील २५ वस्त्या एकमेकींना रस्त्याने जोडलेल्या नाहीत. जड सामान समुद्रातील बर्फ वितळल्यावर, साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात, जहाजाने जाते. त्याला सीलिफ्ट म्हणतात. त्यासाठी सामान लाकडी क्रेटमध्ये बांधून मॉन्ट्रियलजवळच्या बंदरात ठरलेल्या तारखेच्या आत पोचवावे लागते, आणि ती तारीख हुकली की विमानाचे भाडे सामानाच्या किमतीपुढे जाऊ शकते. मोठ्या संस्थेत असताना एका शाळेने विचारले, की पुस्तकांची कपाटे जोडून पाठवणार की सुटी? सुटी आली तर जोडणारा माणूस त्यांना आधी शोधावा लागणार होता, म्हणून उत्तर मिळेपर्यंत त्यांनी मागणी पक्की केली नव्हती. माझे दोन ओळींचे उत्तर दहा मिनिटांत तयार झाले. पण बाहेर जाणारे प्रत्येक पत्र आधी विभागप्रमुखांनी, मग संपर्क विभागाने आणि शेवटी आणखी एका वरिष्ठांनी पाहायचे, असा नियम होता. उत्तर अकराव्या दिवशी गेले. तोवर जहाजाची तारीख उलटली होती आणि कपाटे पुढच्या वर्षावर गेली.

छोट्या संस्थेत असा प्रश्न आला, की फोन उचलायचा. वेळेचा फरक तेवढा लक्षात ठेवायचा, कारण नुनावुतच्या पश्चिमेकडील कुगलुक्तुक या वस्तीचे घड्याळ ओटावाच्या दोन तास मागे असते. याची किंमतही आहे, कारण तुमची चूक पकडायला तिथे कोणी नसते. एका क्रेटवर मी जुन्या यादीतून उतरवून ‘एस्किमो पॉइंट’ लिहिले. त्या वस्तीचे नाव १९८९मध्येच अर्विआत झाले आहे. बंदरावरच्या माणसाने फोन करून खात्री करून घेतली, म्हणून निभावले. पुढच्या चिठ्ठ्यांवर मी इनुक्तितुत या इनुइटांच्या भाषेच्या लिपीतही नाव चिकटवू लागलो. त्या लिपीत चिन्ह फिरवले की स्वर बदलतो, आणि ती क्री या दुसऱ्या मूळनिवासी लोकांच्या ज्या लिपीवरून आली तिच्यावर देवनागरीची छाया असल्याचे काही अभ्यासक मानतात, हे कळल्यावर ते काम मला उगाचच घरचे वाटू लागले.

प्रत्यक्ष उत्तरेला जायला मिळेल या आशेने निवड करू नये. मला दोन्हीपैकी कुठूनही जायला मिळाले नाही. ज्यांना रीतसर शिक्षण आणि प्रमाणपत्र हवे आहे, त्यांना मोठी संस्था कदाचित अधिक मानवेल. छोटी संस्था निवडलीच, तर मे ते ऑगस्टची टर्म मागून घ्यावी. जानेवारीत गेल्यास क्रेटऐवजी मार्चअखेरचे अहवालच वाट्याला येण्याचा संभव अधिक.